घोगऱ्याची कवळी

चिमणीचा आवाज इतका बारीक, की दुकानात तिला प्रत्येक वस्तू दोनदा मागावी लागे. त्यावरूनच घरात तिला चिमणी म्हणत, आणि वयाची शेहेचाळिशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. ती कवळ्या बनवायची. खालच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना, वर चिमणीचं घर आणि तिची कामाची खोली. दिवसभर मेण वितळवायचं, त्यात एकेक दात रोवायचा, घासायचा, चकाकी आणायची. आणि हे सगळं करताना कानात 'काजळी' लावून ठेवायची.

काजळी म्हणजे चेहरा ओळखू येणार नाही इतकं काजळ फासून डेथ मेटल वाजवणारा चौघांचा बँड. ड्रम असे, की जिन्यावरून कपाट घरंगळत येतंय असं वाटावं, आणि गायकाचा आवाज थेट विहिरीच्या तळातून. चाहते त्याला घोगऱ्या म्हणत. सत्तावीस वर्षांत चिमणीने काजळीचं एकही गाणं चुकवलं नव्हतं. "माझ्या वाटणीचं तोच ओरडतो," असं ती नवऱ्याला सांगे.

पहिला अल्बम 'हाडांचा भुगा' तिला तोंडपाठ होता, म्हणजे जेवढे शब्द कळले तेवढे. पुढे गाणी लांबली, वेग जरा उतरला. तेही तिने पोटात घातलं. पण या वर्षी 'उजेड' आला, तिने तो कौतुकाने खोलीभर मोठ्याने लावला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्याच गाण्यात बासरी! दुसऱ्यात तर घोगऱ्या चक्क सुरात गात होता, तेही तोंड धड न उघडता.

त्यात शेजारच्या खोलीतून सासूबाई आल्या. "आज काय लावलंयस गं? बरं आहे की. शब्द कळतायत."

हे तर फारच वर्मी लागलं. चिमणीने त्याच दुपारी चाहत्यांच्या पानावर 'कवटी सात' या नावाने चांगलं लांबलचक लिहिलं. त्यातलं एक वाक्य असं होतं : 'घोगऱ्या हल्ली तोंडात पाण्याची गुळणी धरून गातो, त्याला राग यायचा बंद झाला असेल तर त्याने घरी बसून विणकाम करावं.' दोनशेबारा जणांनी मान डोलावली. चिमणीला जरा हलकं वाटलं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी एक प्लास्टरचा साचा वर पाठवला. सोबत चिठ्ठी : 'वरची पूर्ण कवळी. रुग्ण गातात. तोंड मोठं उघडलं की जुनी कवळी सुटते. मेणाच्या चाचणीला तूही खाली ये.' असतील कुणी समूहगानातले आजोबा, असं म्हणून चिमणीने दात लावायला घेतले.

चाचणीच्या दिवशी खुर्चीत राखाडी स्वेटर घातलेले एक गृहस्थ बसले होते. मांडीवर डबा, चष्मा दोरीला अडकवलेला. चिमणीने मेणातले दात त्यांच्या तोंडात बसवले आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "साठपासून सत्तरपर्यंत मोजा बरं. 'स' नीट येतो का ते कळतं."

"काय म्हणालात?"

तिने पुन्हा सांगितलं.

"साठ," गृहस्थ म्हणाले. "एकसष्ट. बासष्ट..."

चिमणीचे कान टवकारले. सदुसष्टला तिने खुर्चीचा दांडा धरला. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

"तुम्ही... घोगऱ्या?"

"बाहेर. घरी मला कुणी तसं म्हणत नाही," ते ओशाळं हसले. "हिरड्यांनी दगा दिला हो, ताई. दोन वर्षं झाली. डरकाळी फोडायला गेलो की कवळी जिभेवर येते. सरावात एकदा ड्रमवर जाऊन पडली. मग ओठ आवळून गायला लागलो. बँडशिवाय कुणाला पत्ता नाही. फक्त एकाने बरोबर पकडलं. कुणी कवटी सात आहे. लिहिलंय, मी तोंडात गुळणी धरून गातो. जबरदस्त कान आहे त्याचा!"

चिमणीला वाटलं, मेणाच्या भांड्यात बुडी मारावी. पण समोरच्या माणसाच्या तोंडात आपणच लावलेले दात असताना खोटं तरी कसं बोलायचं?

"त्याचा नाही," ती म्हणाली. "तिचा. ती मी."

आणि या खेपेला तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. घोगऱ्या असा काही हसला, की मेणाची कवळी तोंडातून सुटून डब्यावर आपटली आणि पुढचे दोन दात वाकडे झाले. "विणकाम!" तो बोळक्या तोंडाने ओरडला. "बायकोने ते छापून फ्रिजवर लावलंय!"

त्या कवळीवर चिमणीने जीव ओतला. टाळूची मागची कड तीनदा नव्याने बसवली. सारी पकड तिथेच असते. नवऱ्याने विचारलं, "एवढं काय आहे या दातांत?" तर ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं."

कवळी बसवायच्या दिवशी घोगऱ्याने आरशात पाहिलं, श्वास घेतला आणि जुन्या 'भुग्या'तली पहिली ओळ सोडली. खिडकीच्या काचा थरथरल्या. बाहेरच्या बाकावरचा एक रुग्ण, नंबर जवळ आलेला असूनही, उठून घरी गेला. कवळी तसूभर हलली नाही.

"आता पुन्हा जुनं सगळं!" चिमणी टाळ्या पिटत म्हणाली. "बासरी बंद!"

"नाही हो ताई," घोगऱ्या म्हणाला. "ओठ आवळले ते दातांमुळे. पण बासरी मला आवडते म्हणून आहे. पंचविशीत मला सगळ्याचा राग यायचा. आता काही मोजक्याच गोष्टींचा येतो, मग उरलेल्या वेळात काय करू?" आणि तिने मागितलं नसताना त्याने 'उजेड'मधलं दुसरं गाणं म्हटलं, हळू, पूर्ण तोंड उघडून. तळाला तीच जुनी खरखर होती. फक्त तिच्यावरून काहीतरी शांतपणे चालत गेल्यासारखं वाटत होतं. डॉक्टरीणबाई हातातलं काम थांबवून ऐकत राहिल्या.

"हे चांगलं आहे," चिमणीने नाइलाजाने कबूल केलं. "पण चौथं गाणं भिकार आहे. ते दातांनीही सुधारणार नाही."

"ते गिटारवाल्याचं," घोगऱ्या खूश होऊन म्हणाला. "मी त्याला हेच सांगत होतो!"

पुढच्या महिन्यात कार्यक्रमाची तीन तिकिटं आली. सासूबाईंनी कानात कापूस घातला, पण पुढच्या रांगेचा हट्ट सोडला नाही. पहिली दोन गाणी चिमणीने ऐकलीच नाहीत. मान ताणून ती नुसते वरचे दात बघत होती. प्रत्येक डरकाळीला तिचा जीव टांगणीला लागे. तिसऱ्या गाण्यात कधीतरी तिची नजर दातांवरून सुटली. नवऱ्याने पाहिलं, तर चिमणी डोळे मिटून, केस मोकळे सोडून मान हलवत होती, आणि तिच्या त्या बारीक आवाजात जिवाच्या आकांताने ओरडत होती. ऐकू कुणालाच येत नव्हतं. सासूबाईंनी मात्र एका कानातला कापूस काढला होता.