चौदा सेकंदांचा पेंग्विन

या, असे जवळ सरका. दाराशी बसलात तर ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट काही मोठ्यानं सांगायची नव्हे, कारण हिच्यात एका भल्या बाईच्या पोटातला मत्सर आहे. तोंड वाकडं करू नका हं. देवानं माणसं घडवली तेव्हा चिमूटभर सगळ्यांच्याच पदरात टाकलाय तो. कुणाची चिमूट मोठी, एवढंच.

तर सकाळचे दहा वाजलेत. मोठ्या इस्पितळाच्या तळघरातला धुलाईखाना आहे. यंत्रं दहा मिनिटांपुरती बंद झालीत, चहाची किटली आलीय, आणि धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर पाच-सहा माणसं टेकलीत. मधोमध उभी आहे मावशी. बावीस वर्षं तिनं इथं चादरींच्या घड्या घातल्या. नाव कागदावर असेल कुठं तरी, पण तळघरात ती मावशीच.

"तर तो पेंग्विन," मावशी सांगत होती, "बर्फाच्या कडेला उभा. आंघोळीला आलाय, पण धीर होईना. एक पाय पुढं, एक मागं. मागं बायको. ती म्हणते, अहो, उतरताय ना? हा म्हणतो, पाणी बघतोय. ती म्हणते, कालही बघितलंत, परवाही बघितलंत, पाण्याला मागणी घालायचीय का?"

इस्त्रीवाल्या दादांच्या नाकात चहा गेला.

"मग, मावशी?"

"मग काय! तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, सासू जवळपास नाही हे बघितलं, आणि दिला धक्का!" मावशीनं कोपरानं चादरींची ढकलगाडी अशी ढकलली, की ती थेट दारावर जाऊन आपटली. तळघर हसून हसून लोळायला आलं.

मावशीकडं फोन बटणांचा. संध्याकाळी घराच्याच वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जावेकडं जायचं, तिच्या मोबाइलवर वीसेक गमतीजमती बघायच्या, त्यातली एक निवडायची, रात्रभर मुरवायची आणि सकाळी दहाला वाढायची. असं चार वर्षं चाललं होतं. घरी मावशी एकटीच. तिचा सगळा दिवस त्या दहा मिनिटांना टांगलेला.

हसू ओसरतंय तोच कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "मावशी, हा का तो? थांबा, माझ्याकडं आहे."

ही शिवणताई. फाटक्या चादरींना ठिगळं लावायला महिन्यापूर्वीच आलेली. तिनं फोन पुढं केला आणि सगळी डोकी त्यावर वाकली. दोन पेंग्विन. एकानं दुसऱ्याला ढकललं. धप्प. संपलं.

"परत लाव, परत!" तीनदा बघितलं सगळ्यांनी, आणि तीनदा हसले.

"मावशी, यात सासू कुठाय?" ढकलगाडीवाला म्हणाला. "चौदा सेकंदांत तर खेळ खलास! तुम्ही सांगेपर्यंत अर्धा चहा संपला की!"

पुन्हा हशा. मावशीही हसली. पण आत काहीतरी करपलं, आणि त्याचा वास तिला दिवसभर येत राहिला.

तिथून पुढं रोजचंच झालं. मावशीनं तोंड उघडायच्या आत कुणीतरी म्हणायचं, "ताई, आज काय आणलंय?" आणि ताई फोन काढायची. ढेकर देणारी म्हैस. लग्नात नाचता नाचता केकवर बसलेला नवरदेव. मावशी मागं उभी राहून टाचा उंचावून बघायची. तिला दिसायची फक्त माणसांची डोकी. एकदा तिनं आपली गोष्ट सुरू केली, तर दादाच म्हणाले, "मावशी, जरा थोडक्यात." चार वर्षांत तिला कुणी थोडक्यात सांगा म्हणालं नव्हतं.

आणि सगळ्यात जिव्हारी काय लागायचं सांगू? दाखवून झालं की ती शिवणताई मान वर करून विचारायची, "पुढं काय झालं असेल हो, मावशी?"

'टोमणा मारतेय मेली,' मावशी मनात म्हणायची, आणि तोंडानं, "मला काय ठाऊक बाई. तुझ्या फोनला विचार."

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, मग चालत चालत एकमेकींकडं यायचं आणि आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची. ठिगळं लावून झाली की जोडीला नेमकी शिवणताई. दिवसाला दीडशे वेळा मावशी त्या चेहऱ्याकडं चालत जायची आणि दीडशे वेळा नजर चादरीवर ठेवायची. कधी झटका असा द्यायची, की समोरच्या हातातली टोकं निसटावीत. शिवणताई वाकून उचलायची आणि म्हणायची, "चुकलं माझं."

एका सोमवारी मावशी सुपरवायझर बाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, माझं आपलं काही नाही हो. पण ती गरम रुळांची इस्त्री, आणि ही पोरं फोनमध्ये डोकं घालून. कुणाचा हात भाजला तर नाव तुमचं खराब होईल."

तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. मत्सर हुशार असतो, बाबांनो. सेवाभावाची टोपी घालून हिंडतो.

दुसऱ्या दिवशी दाराजवळ पत्र्याची पेटी आली. येताना फोन आत टाकायचे, पाचला परत घ्यायचे, किल्ली बाईंच्या कमरेला. शिवणताईनं फोन टाकला, दोन पावलं गेली, परत येऊन पेटीकडं बघत राहिली. मावशीनं ते पाहिलं आणि तिला गोड वाटलं. खोटं कशाला सांगू? गोडच वाटलं.

दहा वाजता बघायला काहीच नाही. मग दादाच म्हणाले, "मावशी, तुम्हीच सांगा आता काहीतरी. सासूसकट सांगा."

आणि मावशीनं केकवरचा नवरदेव काढला! सासरा कसा केकवाल्याशी महिनाभर भांडला, नवरीची मैत्रीण कशी मेणबत्त्या मोजत होती, नवरदेवाची विजार कुणाची उसनी होती. डोळ्यांतून पाणी काढलं सगळ्यांच्या. सगळ्यांत जास्त हसली शिवणताई. हसताना तिचे ओठ हलत होते, पाठ करावं तसे. मावशीला वाटलं, वेडावतेय.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी घड्या घालताना शिवणताई म्हणाली, "मावशी, विजार कुणाची होती म्हणालात? धाकट्या दिराची का थोरल्या?"

"तुला काय करायचंय?"

"यांना सांगायचंय. काल सांगताना मी तिथंच अडले."

"यांना म्हणजे?"

चादर दोघींच्या मध्ये ताणलेली होती. शिवणताई त्या टोकाकडून बोलत होती. "आमचे हे. शिडीवरून पडले, कंबर गेली. दीड वर्ष झालं, भिंतीकडं तोंड करून असतात. मी फोनवर चिकार दाखवलं हो. मान वळवायची नाहीत. तुमचा पेंग्विन ऐकला त्या दिवशी घरी जाऊन तसाच सांगितला. मागणी घालायचीय का म्हटल्यावर हसले. कूस बदलून म्हणाले, मग?"

शिवणताईनं चादर पुन्हा ताणून धरली.

"म्हणून मी रोज नवीन शोधून आणायचे इथं. म्हटलं, मावशी बघतील, पुढचं रचतील, मी घरी नेईन. पण तुम्ही रचेचनात."

"मला वाटलं, तू..." मावशीनं हातातली टोकं सावरली. "उद्यापासून मी रोज रचते. दोन-दोन रचते."

"आज शेवटचा दिवस माझा, मावशी. घरीच शिवणकाम मिळालंय. यांना मध्येच काही लागलं तर फोन करायचे मला, आता फोन पेटीत. परवा चार तास पाण्याविना होते."

मावशीनं चादर खाली केली.

"पेटी माझ्यामुळं आली," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर तुम्ही गोष्टी सांगायचं थांबवलं असतं."

एवढं म्हणून ती चालत आली, आणि आपली दोन टोकं मावशीच्या हातात दिली. त्या दिवशी पहिल्यांदा मावशीनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "धाकट्या दिराची. आणि तीही उलटी घातलेली."

शिवणताई हसली. "उलटी! हे आवडेल यांना."

संध्याकाळी मावशी सुपरवायझर बाईंपुढं उभी राहून म्हणाली, "कुणाचा हात भाजणार नव्हता, बाई. भाजत होते ती मी." बाईंनी आठवड्यानं पेटी उचलली. पण शिवणताई गेली ती गेली.

नवी जोडीदारीण अजून आलेली नाही. मावशीनं भिंतीत दोन आकडे ठोकून घेतलेत. चादरीची दोन टोकं आकड्यांत अडकवते, मागं सरते, झटका देते, आणि भिंतीकडं चालत जाते. दिवसातून दीडशे वेळा. दहाला गोष्ट सांगते, आता कुणी थोडक्यात म्हणत नाही. आणि तिचा मत्सर गेला असं समजू नका. तिला अजून शिवणताईचा हेवा वाटतो. गोष्ट घेऊन घरी जायला जिला कुणीतरी आहे, भिंतीकडं तोंड करून का होईना, त्या बाईचा.

तर आता उठा, चहा गार झाला तुमचा. उद्या फोनवर काही मजेशीर दिसलं आणि हसू आलं, तर कूस बदलून "मग?" म्हणणाऱ्या त्या माणसाची आठवण काढा. आणि जमलंच तर, भिंतीपाशी चादरीची टोकं काढून घेणाऱ्या माझ्या मावशीचीही.