सातपूरच्या शेडमधली खुर्ची

शुभांगीला बघायला सटाण्याची माणसं येणार हे ठरलं, आणि तिने एकच अट घातली. बघायचं तर गॅलरीत येऊन बघा. तिचे वडील, मखमलाबादला फ्लॉवर आणि झेंडू पिकवणारे मोतीरामअण्णा, यांची पाचावर धारण बसली. सातपूरचा बंद पडलेला नटबोल्टचा कारखाना कुणा हौशी माणसांनी रंगवून तिथे चित्रांचं दालन काढलं होतं आणि त्यात आपल्या पोरीनेही काहीतरी मांडलंय, एवढंच त्यांना ठाऊक. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं ते आठवडाभर म्हणत राहिले. शुभांगीने सगळं ऐकून घेतलं आणि अट तशीच ठेवली.

तिला कारण होतं. आजवर जे जे बघायला आले, त्यांनी तिला चालायला लावलं, पोहे खाल्ले, 'घरी जाऊन कळवतो' म्हणाले, आणि कळवलं एकानेही नाही. आता पुन्हा कुणी चाल म्हणालं, तर तिथल्या तिथे नकार द्यायचा हे तिने पक्कं केलं होतं. पंचाईत एवढीच, की या वेळचा मुलगा तिला आवडला होता. महेश कांद्याच्या व्यापारातला. दोनदा फोनवर बोलला, आणि पगाराऐवजी तिच्या कामाबद्दल विचारत राहिला.

महेश आणि त्याची आई लताबाई दोघंच आले. लताबाईंनी दारातच चपला काढल्या, म्हणून अण्णांनीही काढल्या. आत डोक्यावर जुन्या क्रेनचा पिवळा गर्डर तसाच होता. भिंतीवरची चित्रं लताबाईंनी लिलावातला कांदा पारखावा तशी एकेक करून पाहिली.

शुभांगीची मांडणी शेवटच्या खोलीत होती. एका बाजूला रिकाम्या खुर्च्यांची रांग आणि त्यांच्यासमोर, दिव्याखाली, एकटी लाकडी खुर्ची. तिच्यावर कुणी बसलं की आतली कळ दाबली जाऊन टेप सुरू व्हायची. शुभांगी हे समजावून सांगणार, तेवढ्यात गुडघे दुखत होते म्हणून लताबाई नेमक्या त्याच खुर्चीत टेकल्या.

टेपवर शुभांगीच्या आईचा, भागुबाईचा आवाज होता. नाव काय पोरी, मामाचं गाव कोणतं, स्वयंपाक येतो का. लताबाई आधी दचकल्या, मग हळू आवाजात उत्तरं देऊ लागल्या. आणि शेवटी भागुबाई म्हणाली, उभी राहा, जरा चालून दाखव.

लताबाई उठल्या. पदर सारखा केला, मान खाली घातली आणि भिंतीपर्यंत जाऊन परत आल्या. खुर्चीपाशी पोचल्यावर आपण काय केलं ते त्यांना कळलं.

शुभांगीने मनातल्या मनात बघायला येणारी माणसं कितीदा तरी या खुर्चीत बसवली होती आणि त्यांची फजिती बघून हसली होती. आता तिला हसू आलं नाही. तिला रडू येत होतं.

"मला तीनदा चालवलं व्हतं," लताबाई म्हणाल्या. "पायात काटा मोडलेला. लंगडी हाय का काय, म्हनून पुन्हा पुन्हा."

मग त्या मुलाकडे वळल्या, आणि घरची अहिराणी तोंडी आली. "महेश, आठे बस."

महेश मुकाट्याने त्याच खुर्चीत बसला. नाव काय पोरी, या प्रश्नालाही त्याने न हसता नाव सांगितलं. स्वयंपाक येतो का, यावर चहा येतो म्हणाला. आईने तेही खोटं असल्याचं तिथेच सांगून टाकलं. चालायची वेळ आली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. बाजार समितीत मोठ्याने बोली लावणारा गडी, पण सपाट फरशीवर अडखळला. अण्णा वर क्रेनकडे बघत बसले.

लताबाई रांगेतल्या एका खुर्चीत बसल्या आणि शेजारची खुर्ची थोपटून त्यांनी शुभांगीला बोलावलं.

"आता तू सांग पोरी. पसंत हाय का?"

होकार शुभांगीच्या जिभेवर होता. महेश चालताना अडखळला तेव्हाच तिचं ठरलं होतं. पण आजवर इतक्या जणांनी खाल्लेले पोहे ती काही सहज विसरणार नव्हती.

"घरी जाऊन कळवते," ती म्हणाली.

अण्णांनी डोळे मिटले. लताबाईंनी मात्र मान डोलावली.

"पन कळव," त्या म्हणाल्या. "आमच्या मानसांसारखं नको करू."