माझी मागची चाकं आणि काकांचा हात

मी एक जुनी मोटारगाडी आहे. किती जुनी, ते विचारू नका मित्रांनो. माझा मूळचा रंग हिरवा होता की निळसर, यावर माझ्याच घरात दोन मतं आहेत. कारखान्यातून निघताना कुणीतरी पाठीवर थाप मारली होती, एवढंच मला बालपणातलं आठवतं. तिथून मी आले ती थेट नर्सबाईंच्या दारात.

बाई बाळंतपणं करायच्या. निरोप आला की बॅग मागच्या सीटवर पडायची आणि मी पहिल्याच किल्लीला सुरू व्हायचे. थंडीत गल्लीतल्या इतर गाड्या नखरे करायच्या, मी कधी केले नाहीत. "ही आहे म्हणून मी वेळेवर पोचते," असं बाई चारचौघांत सांगायच्या, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पत्र्याच्या अंगावरही ते चढतं बरं का.

बाईंच्या यजमानांना सगळे काका म्हणतात. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण गाडीची काळजी करता येते आणि ती ते मन लावून करतात. आमचं घर उताराच्या गल्लीत आहे. एकदा मी उभ्या जागेवरून घरंगळले आणि शिंप्याच्या पायरीला जाऊन टेकले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण काकांनी त्याचा धसकाच घेतला.

पुढे बाईंना मोतीबिंदू झाला. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं, आणि मग नुसती वाट पाहणं. मी सगळा पावसाळा दारात उभी होते. काका रोज सकाळी मला पुसायचे आणि जाता जाता खिडकीतून हात घालून हँडब्रेक आणखी एक दात वर ओढायचे. कट्ट. मला सगळं कळत होतं, पण माझा हॉर्न माझ्या हातात नाही.

शेवटी डॉक्टरांनी बाईंना गाडी चालवायची परवानगी दिली. त्या किती हौसेने येऊन बसल्या. नवी बॅटरी बसवलेली होती, इंजिन लगेच बोललं. बाईंनी हँडब्रेक खाली केला, गिअर टाकला, आणि मी नुसतीच कण्हले. मागची दोन्ही चाकं जागची हलेनात. काकांच्या पुतण्याने ढकलून पाहिलं, घामाघूम झाला.

"काकू, आता कशाला हिच्या नादी लागता? भंगारात देऊन टाका."

"उद्या फिटर येईल," बाई म्हणाल्या. "तिच्या हातून चाकं फिरली तर चालवीन. नाही फिरली तर किल्ली तुझी, काय करायचं ते कर." एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

या फिटरला जगात बाईंनीच आणलं होतं, तेही पायाळू, म्हणजे आधी पाय बाहेर. तिने मला जॅकवर घेतलं आणि खाली सरकली.

"दांडा खाली केलाय, पण ब्रेकची तार आत गंजून ताणलेलीच राहिलीय," ती खालून म्हणाली. तिने तारेचा नट सैल केला तसं डावं चाक फिरलं. उजवं मात्र हटून बसलं. चाक काढून पाहिलं, तर आत चाक धरून ठेवणारा ब्रेकचा शू बाहेरच्या लोखंडी ड्रमला गंजाने चिकटला होता. फिटरने ड्रम उचकटायला पहार लावली.

स्टुलावर बसलेल्या बाई उठल्या. "पहार ठेव. ड्रम तडकेल. तुला मी ओढून काढलं होतं का गं? आधी आतून जागा कर, मग धीराने घे."

फिटर हसली. मागचा स्क्रू फिरवून तिने शू जरा आत घेतला आणि लाकडी हातोडीने ड्रमवर सगळीकडून हलके ठोके दिले. थांबली, परत दिले. पुतण्याही श्वास रोखून बघत होता. टक् झालं आणि ड्रम सुटला. सगळा गंज खाली सांडला, थोडा शेजारी वाकलेल्या काकांच्या अंगावरही उडाला.

घासूनपुसून सगळं परत बसवल्यावर फिटरने विचारलं, "पण हँडब्रेक इतका कुणी ओढला होता?"

काका चपलेकडे बघत बाईंना म्हणाले, "मीच. रोज थोडा थोडा. तू बरी होईपर्यंत ती जागेवर राहायला हवी होती ना."

बाईंनी काकांच्या खांद्यावरची गंजाची पूड झटकली आणि त्यांच्यासाठी माझं दार उघडलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आवडती वस्तू नुसती जपून ठेवू नका, तिला अधूनमधून फिरवा. आवळून धरलेलं शेवटी तिथेच चिकटतं. मला आता बराच वेळ उभं करायचं असलं की पहिल्या गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाखाली लाकडी ठोकळा लावतात. ठोकळ्याचं खातं काकांकडे आहे. त्यांनी तो रंगवलाय, हिरवा, कारण त्यांच्या मते मी हिरवीच होते.

निघताना काकांचा हात अजूनही सवयीने हँडब्रेककडे जातो. बाई रस्त्यावरची नजर न हलवता तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवतात, आणि मी उताराला लागते.