पूर्वेच्या भिंतीचा गिलावा

मेथडिस्ट चर्चची पूर्वेकडची भिंत पाडायची की ठेवायची, हे त्या सकाळी ठरायचं होतं. सव्वाशे वर्षांची दगडी भिंत. नक्षी नाही, पुतळे नाहीत. तीन उंच टोकदार खिडक्या आणि त्यांतून पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या उंच ओट्यावर, पडणारं ऊन, एवढाच काय तो थाट. पण खालचा कमरेएवढा भाग ओलीने फुगला होता आणि इंजिनिअरच्या मते पायाच गेला होता.

तपासायला बोलावलेल्या गवंड्याने हातोडीने भिंत वाजवून पाहिली. पाया ठणठणीत होता, रोग वरचाच होता. चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतली ओल ओढते आणि वाऱ्यावर सोडून देते. हिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवून कुणीतरी तिचं नाकतोंडच दाबलं होतं. ते कुणीतरी म्हणजे त्याचेच वडील. तीस वर्षांपूर्वीचं हे काम आप्पा अजून चारचौघांत मिरवायचे. आत्ताही ते पुढच्या बाकावर ऐटीत बसले होते.

सांगावं तर बापाची अब्रू जाते, न सांगावं तर भिंत जाते. इकडे आड, तिकडे विहीर.

"अहो, बोला की," चर्चची उपासना चालवणाऱ्या पाळकबाई म्हणाल्या. "पाडायची की ठेवायची?"

"पाडू नका, बाई. सिमेंट काढा, वर्षभर वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करू."

"हे सिमेंट लावलं कुणी?" इंजिनिअरने विचारलं.

गवंड्याने मान खाली घातली. खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"मी लावलं," आप्पा उठत म्हणाले. "वस्तादाने बजावलं होतं, चुन्यावर चुनाच. पण मला वाटलं, सिमेंट म्हणजे पक्कं काम. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!"

त्यांनी लेकाच्या हातून छिन्नी-हातोडी घेतली. चार घावांत ताटाएवढा पापुद्रा निखळला. आतला दगड ओला होता, पण शाबूत. इंजिनिअरने वाकून पायालगतचे सांधे नखाने खरवडून पाहिले.

"पाडायला नको," तो म्हणाला. पाळकबाई हसायलाच लागल्या.

बापाचा एवढा अभिमान गवंड्याला आजवर कधी वाटला नव्हता.

आप्पा धापा टाकत त्याच्याकडे वळले. "वर्षभर वाळायला लागेल म्हणालास ना?"

"हो, आप्पा."

"मग तेवढं जगायला हवं. चुना मी भिजवणार."