वीज वाचवणारा दिवा

"हा दिवा ऐंशी टक्के वीज वाचवतो," असे नव्या दिव्याच्या खोक्यावर ठामपणे छापले होते. वास्तविक दिवा काहीही वाचवत नाही; जुन्यापेक्षा कमी खातो, इतकेच. पण क्रियापदावर खटला कोण भरणार?

डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचे होते. भर दुपारी मी खोलीतला हा नवा दिवा तीनदा बंद केला. डोळे मिटताच तो तीनदा लागला. भुताटकी की बिघाड, काही कळेना. चौथ्यांदा मी बटणावरचा हातच पकडला. तो सासऱ्यांचा निघाला. त्यांनी जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासली होती.

"बाबा, तुम्ही?"

"अगं सूनबाई, बंद दिवा वीज वाचवणार कशी? मी तर घरातले सगळेच लावून ठेवलेत."