खुर्चीभोवती पाच माळा

एक्केचाळीस दिवसांचा संकल्प होता. आंघोळ झाली की मौन, आणि बाराच्या आत पाच माळा जप. तो झाला की तोंड उघडायचं. चाळीस दिवस निर्विघ्न गेले. एक्केचाळिसाव्या दिवशी माळ खुर्चीत बंद झाली.

ठाकुर्लीच्या आमच्या घरात ही बिनहाताची खुर्ची वीस वर्षं आहे. रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आला होता. आमच्या यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि जाहीर केलं, "कारागीर कशाला? आपणच करू."

त्या सकाळी मी गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत, हात घालते तोच हे ओरडले, "अगं धर, धर! कापड सुटतंय!" गोमुखी हाताला येईल तिथे टेकवली आणि कापड ताणून धरलं. यांनी स्टेपल गन चालवली, ठाक ठाक ठाक. कडेचे पितळी खिळे माझ्याकडे. प्रत्येक खिळ्याला मनात एक नाम घेतलं की बोट वाचतं, असा माझा त्याच सकाळचा अनुभव. एकशे आठ ठोकले. पुढे ऐसपैस बसले, मागे दाटीवाटी झाली, पण आकडा सोडवेना.

साडेअकरा झाले. गोमुखी देवघरात नाही, ओट्यावर नाही.

हे नव्या गादीवर बसले. "फर्स्ट क्लास! मधेच काहीतरी टोचतंय, कापूस असेल."

कापूस कसला, गोमुखीच आत राहिली होती! हात जोडले, खुर्चीकडे बोट दाखवलं, उठा अशी खूण केली.

"छान झालीय, पण पाया काय पडतेस?"

मी खिळा उपटायला वाकले, तर यांनी सीट दोन्ही हातांनी धरली. "खबरदार! दोन दिवस कंबर मोडलीय. उठणारच नाही मी!"

लिहूनही सांगायचं नाही, हा नियम माझाच. तेव्हा त्याचा फार राग आला. जप बोटांवर मोजू गेले तर घाईत आकडा चुकला. आणि नजर खिळ्यांवर गेली.

माळच की ही! पहिला खिळा वाकडा गेला म्हणून मोजलाच नव्हता, तो मेरुमणी. बोट ठेवलं आणि निघाले. पुढची बाजू आली की यांचे पाय ढकलायचे. हे निमूट उचलायचे. मेरू ओलांडायचा नसतो, म्हणून दुसरी माळ उलट्या बाजूने.

शेजारच्या जाईबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगो बाय! आज वटपौर्णिमा हाय की काय?"

"मला विचारू नका," हे पाय वर धरून म्हणाले.

"आन् आता उलटी कुठं निघाली? फेरे सोडवते काय? शिवरामभाऊ, केलंस काय तू?"

हसू दाबताना माझी कूस दुखायला लागली. एक खिळा, एक नाम. देवा, हे तुझ्यावर बसलेत, सांभाळून घे. बाराला चार मिनिटं कमी असताना पाचवी माळ पुरी झाली.

"उठा हो!" मी म्हटलं. "माळेवर बसलायत!"

इंगळी डसल्यासारखे हे उडाले. खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गादी चाचपली, आणि एक शब्द न बोलता पक्कड आणायला गेले.

"घे," जाईबाई म्हणाल्या, "तुझं मौन सुटलं नि याला लागलं."