सज्ञान होईपर्यंत

"पोरीच्या नावावर नाही होणार," परवाना कार्यालयातला कारकून मृत्युपत्राची प्रत परत सरकवत म्हणाला. "वय बसत नाही. अठरा पूर्ण होईस्तोवर बंदूक तिच्या मालकीची होत नाही, काडतुसंही तिला कोणी विकणार नाही. तोवर तुमच्या नावावर घ्या. क्लबात सराव करायचा असेल तर तुम्ही मागे उभं राहायचं."

समोर उभा असलेला बाप लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचा. त्याने चेहरा जमेल तितका पडेल ठेवला. आतून मात्र त्याला उकळ्या फुटत होत्या. शेजारी शाळेच्या गणवेशात त्याची सोळा वर्षांची लेक उभी होती. ती म्हणाली, "मग बाबांच्या नावावर करा. घरातच राहणार आहे ना."

तिच्या आजोबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, जाताना घर मुलाला दिलं होतं आणि नेमबाजीची रायफल नातीला. लोक म्हणाले, नशीबवान आहेस. पण कोणी अदलाबदल करून दिली असती तर त्याने त्याच दिवशी बिऱ्हाड हलवलं असतं. लहानपणी त्याने एकदाच ती रायफल हातात घेतली होती. वडिलांनी क्षणभर पाहिलं आणि काढून घेतली. "तुझा हात स्थिर नाही." रागावलेसुद्धा नाहीत, नुसता निकाल दिला. पुढे म्हाताऱ्याचं सगळं आजारपण यानेच काढलं. आणि ही कालची पोर दर रविवारी आजोबांबरोबर क्लबात जायची, आल्यावर दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत बसायची, आणि हा आत गेला की बोलणं थांबायचं.

आता रायफल लोखंडी कपाटात होती आणि किल्ली त्याच्या खिशात. कामावर, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभा असतानाही तो मधूनच खिसा चाचपायचा.

"बाबा, पुसायला काढू का? आजोबा दर आठवड्याला पुसायचे."

"मी बघतो. तुझ्या हातात देता येत नाही. कायदा आहे."

कायदा इतका सोयीचा असतो हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

क्लबाच्या संघाची निवड जवळ आली तशी ती काडतुसांसाठी मागे लागली. तो दुकानात गेला. दुकानदाराने आपणहून विषय काढला. "म्हातारबुवा नातीला घेऊन यायचे. सगळ्यांना सांगायचे, माझा हात हिला मिळालाय."

"नंतर येतो," म्हणून तो काही न घेताच बाहेर पडला. घरी सांगितलं, दुकान बंद होतं. पुढच्या खेपेलाही तेच सांगितलं आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही.

"दुकान उघडं होतं," एके संध्याकाळी बायको म्हणाली. "मी समोरूनच आले. अहो, पोटच्या पोरीवर जळताय तुम्ही."

"काहीतरी बोलू नकोस," असं म्हणून त्याने हात धुवायला नळ मोठा सोडला.

निवडीच्या दिवशी काडतुसं क्लबाने दिली. लेक जागेवर उभी राहिली, तिने खांदा किंचित खाली घेतला, आणि मागे कोणी जुना सभासद पुटपुटला, "हुबेहूब म्हातारा." बापाने खिशातली किल्ली चाचपली. पण सराव नव्हता. तिचे बार इकडे तिकडे गेले. नावं वाचून दाखवली, त्यात तिचं नव्हतं. आणि क्षणभर त्याला बरं वाटलं. ते बरं वाटणं त्याला पुढे कितीतरी दिवस खात राहिलं.

बसथांब्यावर रायफलची पेटी त्याच्या खांद्याला होती. त्याला राहवलं नाही. "दुकान बंद नव्हतं," तो म्हणाला. "एकदाही."

"माहीत आहे. मीही येताजाता बघायचे."

"मग बोलली का नाहीस?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, तिथे गेलं की तुम्हाला आजोबा आठवतात. आत पाय टाकवत नसेल. म्हणून गप्प राहिले."

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. "तसं नव्हतं," तो म्हणाला. "ती मला हवी होती."

"रायफल?"

"सगळंच."

बस आल्यावर ती पुढे जाऊन एकटीच बसली.

दुसऱ्या दिवशी त्याने काडतुसं आणली. बरेच आठवडे ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली, पण रविवारी दोघं जात राहिले. मागे उभं राहून राहून तिचा श्वास त्याला कळायला लागला. ती श्वास रोखायची तेव्हा याचाही रोखला जायचा. कोणी तिचं कौतुक करताना आजोबांचं नाव घेतलं की आत अजून टोचायचं. टोचलं तरी त्याने एकही रविवार चुकवला नाही. पुढच्या निवडीत तिचं नाव आलं तेव्हा त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, आणि ती याच्याकडेच बघत होती.

ती अठरा वर्षांची झाली आणि त्याच कारकुनाने रायफल तिच्या नावावर करून दिली. त्याने कपाटाची किल्ली कड्यातून काढून तिच्या हातावर ठेवली. त्यानंतरच्या रविवारी क्लबाच्या रखवालदाराने त्याला आतल्या दारापाशी अडवलं. "काका, आता तुमची गरज नाही. परवाना हिचाच आहे."

"थांबाल का, बाबा?" तिने वळून विचारलं.

"थांबतो की."

दार लागलं. तो बाहेरच्या बाकावर बसला आणि तिचा बार कोणता ते कान देऊन ऐकू लागला. भिंतीपलीकडून सगळ्यांचे बार सारखेच ऐकू येत होते.